मीटरवरचं शून्य

सोमवारी सकाळी चावी फिरवली, तर बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट ऐकू आलं. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. पुन्हा फिरवली, तर आता कट-कटसुद्धा नाही. शाळेत पहिला तास माझा होता, आठवीचं विज्ञान. स्टिअरिंगवर हात ठेवून मी तशीच बसले होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. धाकटी जाऊ उभी होती, ओल्या हातांनी, साडीचा पदर खोचून.

"बॅटरी उतरलीय, ताई. थांबा, ह्यांची पिकअप आणते पुढं."

आमच्या अंगणात एक गाडी वळवायची तर दुसरीला फाटकाबाहेर काढावं लागतं. तिने दिरांची पिकअप एका दमात मागे घेतली, माझ्या बॉनेटला बॉनेट लावलं, लाल वायर लालला जोडली, काळी माझ्या इंजिनच्या लोखंडाला. "आता मारा सेल्फ." गाडी सुरू झाली. ओट्यावर बसून सासरे हे सगळं बघत होते. ते मला काही बोलले नाहीत. तिला म्हणाले, "काली वायर पयली काढ गो पोरी."

मी तिला थँक यूसुद्धा म्हटलं नाही. काल्हेरहून भिवंडीत शाळेपर्यंत, ट्रकांच्या रांगेतून पुढे सरकत, माझ्या डोक्यात तो 'गो' वाजत राहिला.

मी या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली, तिला चार. मी बीएस्सी बीएड, डोंबिवलीत वाढलेली. ती दिघाशीची, दहावी झालेली. सासऱ्यांनी तीस वर्षं स्वतःचा टेम्पो चालवला, सुताची पोती लूमवर न्यायची आणि कापडाचे ताके घेऊन यायचं. पुढे घरासमोरच्या आमच्या जागेत गोडाऊन उभं राहिलं, त्याचं भाडं येऊ लागलं, टेम्पो विकला, गुडघे धरले. उरला तो हत्यारांचा पत्र्याचा डबा आणि येता-जाता थांबून इंजिनांचे आवाज ऐकायची सवय. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणतात. बाई, तुमी बसा. बाई, तुमाला शाळंला उशीर व्हईल. माझ्या माहेरी याचं कौतुक व्हायचं, किती मान देतात म्हणून. मलाही आधी तसंच वाटायचं. मग ती आली आणि आठ दिवसांत 'गो पोरी' झाली. तेव्हा मला कळलं की मला मान मिळत होता, कारण माझ्याशी दुसरं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या सोमवारी गाडी पुन्हा बंद. पुन्हा पिकअप, पुन्हा वायरी. संध्याकाळी मी राहनाळच्या रस्त्यावरच्या बॅटरीवाल्याकडे गेले. त्याने बॅटरी तपासली आणि म्हणाला, "इसकी उमर हो गई, मॅडम." मी नवी बसवून घेतली. घरी येऊन मुद्दाम सगळ्यांच्या देखत सांगितलं, "बॅटरीच जुनी होती. झालं काम." जाऊ हसून म्हणाली, "बरं झालं." सासऱ्यांनी नुसती मान हलवली.

मग शाळेला लागून चार दिवस सुट्टी आली. पाचव्या दिवशी नवी कोरी बॅटरी ठार झोपलेली. बॅटरीवाल्याशी मी भांडले. त्याने तीच बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी तिच्यावर लोड टाकून बघितला आणि माझ्यासमोर मशीन धरलं. "बॅटरी में कुछ नहीं है, मॅडम. गाड़ी पी रही है."

गाडी पीत होती. जेवताना मी हे सांगितलं, तर नवरा म्हणाला, "तिला विचार ना, तिला कळतं त्यातलं." तिला म्हणजे जावेला. मी भाताचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं.

सासऱ्यांना तर विषयच मिळाला. गाडी चालू करून त्यांनी आधी जावेकडून बॅटरीवर डब्यातला व्होल्ट-करंट मोजायचा मीटर लावून घेतला. चौदाच्या वर आकडा आला. म्हणजे गाडी चालताना बॅटरी नीट भरत होती. "आता गाडी बंद असताना कोन पितंय ते बघायचं. रविवारी बघू." आणि मग दोन संध्याकाळ ओट्यावर त्यांची शाळा भरली. मी आत पोळ्या करत होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बॅटरीची काळी वायर सोडायची, वायर आणि बॅटरी यांच्या मधे मीटर घालायचा. लाल पिन मीटरच्या दहा अँपियरच्या भोकात. गाडी झोपेपर्यंत, म्हणजे तिच्यातलं सगळं आपोआप बंद होईपर्यंत, वीस मिनिटं थांबायचं. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला आकडा पडंल, चोर त्याच लायनीवर.

"आनि मीटर मधे असताना चावीला हात लावायचा न्हाय," सासरे म्हणाले. "सेल्फ मारलास का मीटरचा फ्यूज गेलाच."

अँमीटर एकसरीत जोडतात, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. अकरा वर्षांत या माणसाने मला एकदाही विचारलं नव्हतं, बाई, तुमी शाळेत काय शिकवता? आणि इकडे ते तिला माझाच धडा शिकवत होते, ती "हां बाबा, हां बाबा" करत होती आणि दोघं मधूनच कशावर तरी खळखळून हसत होती. माझी पोळी तव्यावर करपली.

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची. घरी आले तर कुणी नाही. जाऊ सासऱ्यांना घेऊन दिघाशीला, तिच्या माहेरी गेली होती. तिच्या वडिलांकडून नवा तांदूळ आणायचा होता. माझ्या माहेरी सासरे एकदाच आले होते, लग्नाच्या बोलणीला. मी कपडेही बदलले नाहीत. आत जाऊन पत्र्याचा डबा काढला, मीटर घेतला आणि अंगणात आले.

मला एवढंच करायचं होतं की संध्याकाळी ते दोघं घरी येतील तेव्हा मी सांगावं, चोर सापडला. सहज सांगावं, चहा गाळता गाळता.

दहाचा पाना लावून काळी वायर सोडली. हाताला काळं लागलं, ओढणीला पुसलं. मीटर मधे घातला. आकडा वरखाली झाला आणि मग स्थिर झाला: ०.४३. मला उभ्या उभ्या टाळी वाजवावीशी वाटली. बंद गाडी एवढा करंट खात असेल तर दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरणारच. हे गणित मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फ्यूज काढायला मी दार उघडून वाकले. मग मनात आलं, माझा संशय टेपवर आहे, टेप लावून बघू आकडा किती वाढतो. मी चावी घातली आणि फिरवली. टेपपुरतीच फिरवायची होती. घाईत ती पुढे गेली आणि सेल्फने एक हिसका दिला.

परत येऊन बघते तर मीटरवर ०.००. पिना हलवल्या, वायर घट्ट दाबली. ०.००.

कळलं नाही असं मी म्हणणार नाही. फ्यूज हाही माझ्याच पुस्तकातला धडा आहे. मीटरमधला काचेचा छोटा फ्यूज उडाला होता. मी पर्स घेऊन बाहेर पडले असते, तर अर्ध्या तासात तसाच दुसरा मिळाला असता. मी मीटर हातात धरून उभी राहिले, आणि मला उद्याचा रविवार दिसला. ती मीटर जोडेल. शून्य येईल. सासरे विचारतील. ती पुन्हा जोडेल. पुन्हा शून्य.

मी मीटर पुसला, वायर गुंडाळली, डब्यात होता तसा ठेवून दिला. बॅटरीची काळी वायर पुन्हा लावली. हात तीनदा साबणाने धुतले.

रविवारी अगदी तसंच झालं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी लसूण सोलत उभी होते. जावेने सगळं नीट केलं, माझ्यापेक्षा किती तरी नीट. उघड्या दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला दार बंद वाटावं आणि आतला दिवा विझावा. हे मला सुचलंच नव्हतं. मग मीटर लावला.

"किती?" सासऱ्यांनी ओट्यावरून विचारलं.

"शून्य दाखवतंय, बाबा."

"शून्य कसा? नीट लाव."

"लावलंय नीट."

"लाल पिन कुटं हाय?"

"दहाच्या भोकात."

"मंग शून्य कसा येल? काल-परवा काय सांगितला तुना?"

तिने तीनदा जोडला. तिचे कान लाल झाले होते. सासरे काठी टेकत खाली उतरले आणि स्वतः वाकले. मी चहा घेऊन बाहेर गेले.

"झालं का?" मी विचारलं. "किती येतोय आकडा?"

हे वाक्य मी बोलले. ते आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. पण त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं, हेही खरं.

सासऱ्यांनी मीटर उलटा करून मागचं झाकण उघडलं. काचेची नळी काळी पडली होती. "उडवलास," ते म्हणाले. "चावी फिरवलीस ना? मी बजावला व्हता. आनि वर काय बोलली पन न्हाय."

मी ट्रे धरून उभी. तिने मीटरकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं आणि मग एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला वाटलं, आता बोलेल.

"असंल, बाबा," ती म्हणाली. "चुकून झालं असंल."

सासऱ्यांनी डबा उचलला आणि त्यांच्या खोलीत पलंगाखाली सरकवून दिला. "मला लबाडी आवडत न्हाय," एवढंच म्हणाले.

पुढचे दोन-तीन दिवस मला हवं होतं तसं घर होतं. ओट्यावर हसणं नाही, 'गो' नाही. ती गुमान कपडे वाळत घालायची, गुमान भांडी लावायची. मी मात्र वाट बघत होते. कशाची, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक सासरे आता माझ्याकडे वळतील, असं वाटत असावं. बुधवारी मी त्यांच्यासमोर वर्तमानपत्र घेऊन बसले आणि आपणहून म्हटलं, "बाबा, गाडीचं काय करायचं?" त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "शोरूमला दावा, बाई. तुमच्या वलकीचं असंल कोनी."

सोमवारपासून मी रिक्षानेच जात होते. गुरुवारी चावी फिरवली, तर गाडी बंद. त्या दिवशी शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती. आता पिकअपसाठी जावेला हाक मारायचं तोंड नव्हतं, म्हणून पुन्हा रिक्षानेच गेले. प्रयोगशाळेत पंचवीस मुलं अँमीटर जोडत होती. एका मुलीने जोडणी उलटी केली होती आणि शेजारणीवर ढकलत होती, "बाई, हिने केलं." मी तिच्यावर एवढी ओरडले की सगळा वर्ग गप्प झाला.

दुपारी घरी आले तेव्हा सासरे आत झोपले होते. अंगणात माझ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. पिकअपने तिची बॅटरी आधीच थोडी भरून घेतलेली होती आणि जाऊ मीटर जोडत होती.

"डबा?" मी विचारलं.

"बाबांना सांगून घेतला. काचेचा फ्यूज राहनाळवरनं आनला मी, सकाळी चालत जाऊन." तिने मान वर केली नाही. "या ताई. हे एकटीनं व्हत न्हाय. एकीनं आकडा बघायचा, एकीनं फ्यूज काढायचे."

वीस मिनिटं थांबायचं होतं. आम्ही ओट्यावर दोन टोकांना बसलो. समोरच्या गोडाऊनमध्ये ट्रक मागे घेत होते, कुणी तरी "आने दो, आने दो" ओरडत होतं. चार वर्षांत आम्ही दोघी अशा काही काम नसताना कधी बसलोच नव्हतो. ती पायाच्या अंगठ्याने ओट्यावरची माती खरवडत होती. मी घड्याळ बघत होते.

आकडा ०.४३ वर थांबला. तोच आकडा. मी फ्यूजच्या डब्याशी वाकले आणि एकेक उपसायला लागले. टेपचा काढला. "हाय तेवढाच," ती म्हणाली. म्हणजे माझा संशयही चुकीचा होता. हॉर्नचा, काचांचा, वायपरचा. हाय तेवढाच. मग आतल्या दिव्याचा काढला आणि ती ओरडली, "पडला! शून्य पॉइंट शून्य दोन!"

आतला दिवा तर विझलेलाच होता. दोघींनी वाकून पाहिला. मग तीच म्हणाली, "या लायनीवर डिकीचा दिवा पन असतो." डिकी उघडली की दिवा लागतो, लावली की विझतो. पण लावल्यावर तो खरंच विझतो का, हे बाहेरून कळणार कसं? मी म्हटलं, मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवू. ती तोवर डिकीतल्या माझ्या चार्टच्या गुंडाळ्या बाजूला करून आत शिरलीसुद्धा होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"लावा. चावी हातात हाय ना तुमच्या?"

मी चावी दाखवली, फ्यूज परत बसवला आणि डिकी लावली.

"चालूच हाय!" आतून आवाज आला. "लख्ख! ताई, दिवा चालूच हाय!"

मी हसले. तीही आत हसत असावी. डिकीवर माझे दोन्ही हात टेकलेले होते, पत्रा उन्हाने तापला होता. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा तिला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"मीटरचा फ्यूज मी उडवला. शनिवारी. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

मी डिकीवर आणखी जरा वाकले.

"मुद्दाम," मी म्हटलं. "तुला बोलणी बसावीत म्हणून."

"म्हाईत हाय," आतून आवाज आला, पत्र्यातून जरा घुमलेला. "तुमची ओढनी मीच भिजवली ना रविवारी. काळं निघंना."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बाबा तुमच्याशी कसं बोलतात, बगितलंय ना मी. तुम्ही खिडकीत असता. मी पन मुद्दाम जरा मोठ्यानंच हसायची कदी कदी." आत चार्टच्या गुंडाळ्या सरकल्याचा आवाज झाला. "तुम्हाला पर्स घेऊन गाडीत बसून जाताना बगितलं का मलाबी कसंतरीच व्हतं. सगळा गाव बाई म्हनतो तुम्हाला. आता उघडा, गरम होतंय."

मी उघडलं. ती घामाने निथळत होती. आम्ही एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. तिने डिकीच्या कुलपातलं छोटं बटण बोटाने दाबून दाखवलं. पावसाचं पाणी आणि धूळ जाऊन ते गंजलं होतं, दाबल्यावर आतच अडकून राहायचं. त्यामुळे डिकी लावली तरी गाडीला ती उघडीच वाटायची. तिने दिव्याचा बल्ब काढून माझ्या हातात दिला. "बटन बदलंपर्यंत असंच राहू द्या."

संध्याकाळी मी सासऱ्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ते पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. ऐकताना हात थांबला नाही.

"तिला सांगितलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग झाला. मना कशाला सांगता?"

मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, घरच्या माणसावर रागावतात तसं. ते उठले, पत्र्याचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि जावेच्या मसाल्यांच्या फळीवर ठेवून आले. तिची माफी त्यांनी मागितली नाही. पण तो डबा आता तिचा झाला, हे घरात सगळ्यांना समजलं. आणि सगळं कबूल करून मोकळी झालेली मी, तिथे दारात उभी राहून पुन्हा जळले. तसंच, पहिल्यासारखंच.

बटण बदललं. त्यानंतर गाडी कधी उतरली नाही. मी बॅटरीवाल्याकडे जाऊन भांडल्याबद्दल माफी मागितली आणि चोर कुणी पकडला, तेही सांगितलं. तो थक्क झाला. काल्हेरच्या नव्या बिल्डिंगांमधल्या बायका त्याच्याकडे स्कूटर घेऊन यायच्या. त्याच्याशी बोलायला त्या संकोचतात, असं त्याचं म्हणणं. पंधरा दिवसांनी त्याने आपल्या बायकोला घेऊन घरी येऊन विचारलं, दुपारचे चार तास तुमची सून दुकानात बसेल का? दीर नको म्हणाले. सासऱ्यांना ती दुपारची घरात हवी होती.

मी बोलले. मी म्हटलं, तिला जाऊ द्या, तिचा हात चांगला आहे, स्वयंपाकाचं मी बघेन. सगळे माझ्याकडे बघत राहिले. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मी तिच्यासाठी भांडतेय. भांडत होतेच. पण त्यातलं निम्मं यासाठी होतं की दुपारी ओट्यावर ती नसावी. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता ती रोज जेवून राहनाळला जाते, हातात निळे मोजे घालते, आणि परवा शाळेत एका पालक बाईंनी मला विचारलं, "त्या बॅटरीच्या दुकानातल्या ताई तुमच्या कोण लागतात हो?"

मी सांगितलं, "जाऊ." मग जरा वेळाने, त्यांनी काही विचारलं नव्हतं तरी, "फार हुशार आहे" असंही म्हटलं. म्हणायला थोडं जड गेलं, पण म्हटलं.